घोडामैदान जवळच आहे!

घोड्यांची रेस म्हटले, की मराठी मध्यमवर्गीय घरात अजूनही भुवया उंचावतात. रेसच्या नादापायी कुणाचे घर गहाण पडले, कुणाच्या बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, अशी एखादी तरी कथा प्रत्येक आळीत ऐकायला मिळतेच. मुंबईत महालक्ष्मीला देवीच्या दर्शनाला नेमाने जाणारे हजारो लोक आहेत. पण जवळच्याच रेसकोर्सच्या आत पाऊल टाकलेले त्यांत कितीसे निघतील? ज्या खेळातल्या पैजांनी संसार मोडतात, त्याच्याबद्दल हा सावधपणा योग्यच आहे.

मात्र मुंबईत १९४३ पासून जी 'इंडियन डर्बी' धावली जाते, तिचे हे नाव आले कुठून? 'गिनीज', 'ओक्स', 'सेंट लेजर' ही चमत्कारिक नावे कुणाची? शोध घेऊ लागले, की आपण थेट इंग्लंडच्या आणि आयर्लंडच्या कुरणांवर जाऊन पोचतो. तिथे राजे भेटतात, सरदार भेटतात, मताच्या हक्कासाठी जीव गमावलेली एक स्त्री भेटते, चोरीला गेलेला एक घोडा भेटतो आणि शेवटी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्याशी नाते सांगणारे नावही भेटते. एक पैचीही पैज न लावता पाहण्यासारखे, ऐकण्यासारखे या मैदानांवर पुष्कळ आहे. चला तर, घोडामैदान जवळच आहे!

घोड्यांचे गाव न्यूमार्केट

लंडनच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर सफक परगण्यात न्यूमार्केट हे छोटेसे गाव आहे. गावात सुमारे ३,००० शर्यतीचे घोडे शिक्षण घेत असतात. पहाटे उजाडता उजाडता पागांचे दरवाजे उघडतात आणि घोड्यांच्या रांगा रस्त्याने निघतात. त्यांना रस्ता ओलांडायचा असला, की मोटारी मुकाट्याने थांबतात. इथे पहिला मान घोड्याचा! गावाबाहेरच्या वॉरन हिल नावाच्या टेकडीवर चढाच्या मार्गाने घोडे दौडवतात. हे दृश्य पाहायला सकाळी पर्यटकांची गर्दी होते. धुक्यातून आधी टापांचा आवाज येतो, मग घोड्यांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ दिसते आणि मग घोडे दिसतात.

या गावाला शर्यतींचे वेड लावले ते इंग्लंडच्या राजांनी. दुसरा चार्ल्स राजा तर नुसता प्रेक्षक नव्हता. १६७१ साली त्याने इथली 'टाउन प्लेट' शर्यत स्वतः घोड्यावर बसून जिंकली. त्याच्या लाडक्या घोड्याचे नाव 'ओल्ड रोली'. लोकांनी ते टोपणनाव राजालाच चिकटवून टाकले आणि इथल्या सरळसोट शर्यतमार्गाला आजही 'रोली माइल' म्हणतात.

पुढे पूर्वेकडून आलेल्या तीन घोड्यांनी या खेळाचे रूपच पालटले. 'बायर्ली टर्क', 'डार्ली अरेबियन' आणि 'गोडॉल्फिन अरेबियन' ही त्यांची नावे. जगातला शर्यतीचा प्रत्येक 'थरोब्रेड' घोडा बापाकडून या तिघांपैकी एकाचा वंशज असतो. मग तो न्यूमार्केटला धावो, नाही तर महालक्ष्मीला. आपल्याकडे गोत्र सांगतात ना, तसाच हा प्रकार!

इंग्लंडमध्ये पाच शर्यतींना 'क्लासिक' म्हणजे अभिजात शर्यतींचा मान आहे. डॉन्कास्टरची सेंट लेजर ही सर्वांत जुनी, १७७६ सालची. त्यानंतर एप्समची ओक्स १७७९ ची आणि डर्बी १७८० ची. न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज १८०९ ची आणि वन थाउजंड गिनीज १८१४ ची. गिनी म्हणजे २१ शिलिंग. शर्यतींची नावे बक्षिसाच्या रकमेवरून पडली. गिनीचे नाणे व्यवहारातून केव्हाच गेले, बक्षिसे लाखो पौंडांवर गेली, पण नावे तीच राहिली.

या पाचही शर्यतींत फक्त तीन वर्षांचे घोडे धावू शकतात. त्यांतल्या ओक्स आणि वन थाउजंड गिनीज तर केवळ घोड्यांच्या लेकींसाठी राखीव आहेत. तीन वर्षांचे वय आयुष्यात एकदाच येते. तेव्हा डर्बी हुकली ती कायमचीच हुकली. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, असे म्हणायची सोय नाही. टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर अशा तिन्ही शर्यती जिंकणाऱ्या घोड्याला 'तिहेरी मुकुट' मिळतो. हा मान मिळवणारा शेवटचा घोडा निजिन्स्की. त्याला आता अर्धे शतक उलटून गेले, कारण ते साल होते १९७०!

एप्समची टेकडी

लंडनहून दक्षिणेकडे आगगाडीने निघाले, की तासाभरात टॅटनम कॉर्नर स्टेशन येते. बाहेर पडताच समोर एप्सम डाउन्सचे उघडे माळरान पसरलेले दिसते. 'मैदान' या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर सपाट जागा येते, पण एप्समचा शर्यतमार्ग मुळीच सपाट नाही. दीड मैलाची डर्बी सुरू होते तीच चढणीने. पहिल्या टप्प्यात घोडे चाळीसएक मीटर वर चढतात. मग मार्ग डावीकडे वळत झपाट्याने खाली उतरतो आणि उतारावरच टॅटनम कॉर्नरचे अवघड वळण येते. शेवटचा सरळ रस्ताही एका बाजूला कललेला. तीन वर्षांच्या कोवळ्या घोड्याने हे सगळे अडीच मिनिटांत पार करायचे. वेग, दम, तोल आणि डोके यांतले एक जरी कमी पडले, तरी घोडे तिथेच अडते!

या शर्यतीच्या नावाची गोष्ट मोठी गमतीची आहे. बारावे अर्ल ऑफ डर्बी या सरदारांचे एप्समजवळ 'द ओक्स' नावाचे घर होते. त्या घराच्या नावाने त्यांनी १७७९ मध्ये शर्यत सुरू केली आणि ती त्यांच्याच घोडीने जिंकली. त्या आनंदात आणखी एक शर्यत सुरू करायचे ठरले. तिला नाव यजमानांचे द्यायचे, की त्यांचे स्नेही सर चार्ल्स बनबरी यांचे? म्हणतात, की नाणे उडवून निकाल लावला आणि नाव लागले डर्बीचे. बनबरीसाहेबांनी त्याचे उट्टे काढले. १७८० ची पहिली डर्बी त्यांच्या 'डायोमेड' या घोड्याने जिंकली. नाणे उलटे पडते, तर आज आपण 'इंडियन बनबरी' म्हणत असतो!

एकोणिसाव्या शतकात डर्बीच्या दिवशी पार्लमेंटचे कामकाजही बंद राहायचे. सरदार-दरकदार स्टँडमध्ये, तर मजूर, फेरीवाले आणि भविष्य सांगणारे जिप्सी मधल्या टेकडीवर. या टेकडीवर उभे राहून फुकटात डर्बी पाहायची, ही लंडनच्या सामान्य माणसाची जुनी परंपरा आहे.

आता थोडे विक्रमांकडे वळू. लेस्टर पिगट हा जॉकी डर्बी नऊ वेळा जिंकला. १९५४ मध्ये तो पहिल्यांदा जिंकला, तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. नववा विजय १९८३ चा. घोडी डर्बी क्वचितच जिंकते. आजवर फक्त सहा घोड्यांच्या लेकींना ते जमले. पहिली १८०१ ची 'एलिनोर' आणि शेवटची १९१६ ची 'फिफिनेला'. एडिनबर्ग-लंडनकडच्या कुणाही रसिकाला विचारा, ही यादी त्याला तोंडपाठ असते. घोड्यांना तयार करणाऱ्या प्रशिक्षकांत आयर्लंडच्या एडन ओब्रायन यांनी २०२५ पर्यंत अकरा डर्ब्या जिंकून सर्वांना मागे टाकले आहे. सर्वांत वेगवान डर्बी धावला २०१० मध्ये 'वर्कफोर्स'. त्याला लागली २ मिनिटे ३१.३३ सेकंद.

राजघराण्याच्या नशिबी मात्र डर्बी फारशी नाही. सातवा एडवर्ड गादीवर असताना १९०९ मध्ये 'मिनोरू'वर जिंकला. राणी एलिझाबेथला घोड्यांचे आयुष्यभर वेड, पण डर्बी तिला कधीच मिळाली नाही. १९५३ मध्ये राज्याभिषेकानंतर अवघ्या चार दिवसांनी तिचा 'ऑरिओल' धावला आणि दुसरा आला. पहिल्या आलेल्या 'पिन्झा'वर बसलेल्या गॉर्डन रिचर्ड्स यांना राणीने नुकताच 'सर' हा किताब जाहीर केला होता!

आपल्या देशाशी नाते सांगणारी नावेही एप्समच्या यादीत आहेत. राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांचा 'विंडसर लॅड' १९३४ ची डर्बी जिंकला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमुळे ज्यांचे नाव आपल्याला परिचित आहे, ते तिसरे आगाखान तर पाच वेळा डर्बीचे मानकरी ठरले. त्यांचा 'बहराम' १९३५ मध्ये तिहेरी मुकुट मिळवून एकही शर्यत न हरता निवृत्त झाला.

एमिलीचे परतीचे तिकीट

परंतु एप्समची सर्वांत मोठी आठवण कुठल्याही विजेत्याची नाही. ४ जून १९१३. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून इंग्लंडमध्ये आंदोलन पेटले होते. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन ही सुशिक्षित कार्यकर्ती त्यासाठी अनेकदा तुरुंगात जाऊन आली होती. डर्बीचे घोडे टॅटनम कॉर्नरच्या वळणावर आले आणि ती कठड्याखालून वाकून थेट शर्यतमार्गावर शिरली. पंचम जॉर्ज राजाचा 'ॲनमर' हा घोडा भरवेगात तिच्यावर येऊन आदळला. घोडा कोसळला, जॉकी हर्बर्ट जोन्स जखमी झाला. घोडा पुन्हा उठला, एमिली उठली नाही. चार दिवसांनी, ८ जूनला, तिचा मृत्यू झाला.

तिला मरायचे होते, की राजाच्या घोड्याला फक्त आंदोलनाचा पट्टा अडकवायचा होता, यावर आजही वाद होतात. तिच्या सामानात आगगाडीचे परतीचे तिकीट सापडले होते. पुढे पाचच वर्षांनी, १९१८ मध्ये, तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मताचा हक्क मिळाला आणि १९२८ मध्ये तो पुरुषांच्या बरोबरीने मिळाला. एप्सम गावाच्या बाजारपेठेत २०२१ पासून एमिलीचा पुतळा आहे. ती एका बाकावर बसली आहे आणि शेजारची जागा रिकामी आहे. गावातल्या आयाबाया मुलांना तिथे बसवून तिची गोष्ट सांगू शकतात.

एनट्रीचे तीस अडथळे

एप्समला घोडे मोकळ्या गवतावर धावतात, वाटेत अडथळा नाही. अडथळ्यांच्या शर्यतीचा जन्म मात्र आयर्लंडमधला. १७५२ साली कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी आपापसांत पैज लावली. बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, वाटेतले कुंपण, ओढे, बांध ओलांडत आधी कोण पोचतो ते पाहू! अंतर सुमारे साडेचार मैल. दूरवरून दिसणारी चर्चच्या मनोऱ्याची निमुळती टोके हीच दिशेची खूण. अशा टोकाला 'स्टीपल' म्हणतात, म्हणून शर्यतीचे नाव 'स्टीपलचेस' पडले.

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध शर्यत म्हणजे 'ग्रँड नॅशनल'. ती होते लिव्हरपूलजवळच्या एनट्रीला. शहरातून लोकलने वीसएक मिनिटांत पोचता येते आणि स्टेशनच्या समोरच मैदान. एप्रिलमधल्या शर्यतीच्या दिवशी ब्रिटनमधल्या घराघरांतून, एरवी कधीही पैज न लावणाऱ्या आजीबाईसुद्धा पौंडभर लावून मोकळ्या होतात. कार्यालयांतून घोड्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून उचलतात.

शर्यत साधारण सव्वाचार मैलांची आणि अडथळे तीस. दोन फेऱ्या मारायच्या. 'द चेअर' हा सर्वांत उंच अडथळा, पाच फुटांहूनही जास्त, आणि त्याच्या आधी खंदक. 'कॅनॉल टर्न'ला उडी मारून खाली येताच काटकोनात वळायचे. नाही वळले, तर समोर कालवा! आणि 'बेचर्स ब्रूक' तर जगप्रसिद्ध. १८३९ च्या शर्यतीत कॅप्टन बेचर नावाचे घोडेस्वार इथे ओढ्यात पडले आणि बाकीचे घोडे डोक्यावरून उड्या मारून जाईपर्यंत पाण्यातच दबून बसले. ती शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचे नाव होते 'लॉटरी'. याहून योग्य नाव शोधूनही सापडले नसते.

कारण ग्रँड नॅशनलमध्ये काय होईल, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. १९२८ मध्ये ४२ घोडे निघाले आणि शेवटपर्यंत पोचले फक्त दोन. १९५६ मध्ये राजमातेचा 'डेव्हन लॉक' सर्वांत पुढे होता. विजयाची रेषा काही पावलांवर आली असताना तो अचानक पोटावर आपटला. त्याच्यावर बसलेले डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथा लिहून जगभर गाजले. पण त्या दिवशी काय झाले, हे रहस्य त्यांनाही शेवटपर्यंत उलगडले नाही.

१९६७ ची गोष्ट तर ऐकण्यासारखी. तेविसाव्या अडथळ्यापाशी, तोही मैदानावरच्या सर्वांत ठेंगण्या अडथळ्यांपैकी एक, स्वार पडलेला एक मोकाट घोडा आडवा धावला. मागून येणारे एकमेकांवर आदळले, कुणी उलटे फिरले, कुणी कुंपणात अडकले. 'फॉइनेव्हन' नावाचा घोडा इतका मागे होता, की तो पोचेपर्यंत गोंधळातून वाट काढायला त्याच्या जॉकीला वेळ मिळाला. तो एकटा पलीकडे उतरला आणि जिंकला! त्याचा भाव होता एकास शंभर. आज त्या अडथळ्याला त्याचेच नाव आहे. वरातीमागून आलेले घोडे जिंकले, ते असे.

रेड रम आणि क्रिस्प

एनट्रीचा खरा राजा मात्र 'रेड रम'. साउथपोर्ट गावात मोटारी विकणाऱ्या जिंजर मकेन यांच्या छोट्या पागेत तो होता. त्याच्या पायाच्या हाडाला दुखणे होते. मकेन त्याला समुद्राच्या वाळूत, खाऱ्या पाण्यात दौडवत आणि तोच त्याला औषधासारखा लागू पडला. रेड रम १९७३, १९७४ आणि १९७७ अशा तीन वेळा ग्रँड नॅशनल जिंकला आणि मधल्या दोन वर्षी दुसरा आला. तीन विजयांचा हा विक्रम आजही अबाधित आहे.

त्याच्या पहिल्या विजयाची हकिकत सांगताना इंग्रज माणूस हटकून हरलेल्या घोड्याचे नाव घेतो. या शर्यतीत बलवान घोड्याला जास्त ओझे वाहावे लागते. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या 'क्रिस्प'च्या पाठीवर १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन होते. रेड रमच्या पाठीवर त्याहून दहा किलो कमी. क्रिस्प सगळी शर्यत एकटाच पुढे धावत राहिला. शेवटचा अडथळा ओलांडला तेव्हाही तो बराच पुढे होता. मग त्याचे पाय जड झाले, तो भेलकांडू लागला आणि अगदी अखेरच्या क्षणी रेड रमने त्याला गाठले. अंतर पाऊण घोड्याचे. दोघांनीही जुना विक्रम अठराहून जास्त सेकंदांनी मोडला होता. विक्रमांच्या वहीत नाव मात्र एकाचेच लागले.

रेड रम १९९५ मध्ये तीस वर्षांचा होऊन मरण पावला. त्याला एनट्रीलाच, विजयाच्या खांबाजवळ पुरले आहे. लोक तिथे फुले ठेवतात.

त्याच्या तिसऱ्या विजयाच्या शर्यतीत, १९७७ मध्ये, शार्लट ब्रू ही पहिली स्त्री जॉकी ग्रँड नॅशनलमध्ये उतरली. तिला शर्यत पूर्ण करता आली नाही. १९८२ मध्ये जेराल्डिन रीस हिने ती पूर्ण केली आणि २०२१ मध्ये आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोर हिने 'मिनेला टाइम्स'वर बसून ती जिंकली. एमिलीला राजाच्या घोड्यापुढे जावे लागले. रेचल एकोणचाळीस घोड्यांच्या पुढे गेली. मधे १०८ वर्षे होती.

या सोहळ्याची दुसरी बाजूही वाचकांपासून लपवता कामा नये. एनट्रीला घोडे मरतात. २०११ मध्ये दोन मेले, २०१२ मध्ये पुन्हा दोन. मोडलेला पाय घोड्याला बहुधा भरून येत नाही, त्यामुळे त्याला वेदनेतून सोडवावे लागते. लोकांचा संताप वाढत गेला. बेचर्स ब्रूकचा ओढा पूर्वीच भरून घेतला होता. २०१३ पासून अडथळ्यांतला टणक लाकडी गाभा काढून लवचिक प्लास्टिकचा बसवला. २०२३ मध्ये प्राणिमित्र निदर्शक मैदानात घुसले, शर्यत उशिरा सुरू झाली आणि पहिल्याच अडथळ्यावर 'हिल सिक्स्टीन' हा घोडा मेला. मग २०२४ पासून घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ वर आणली आणि वेग फार वाढू नये म्हणून पहिला अडथळा अलीकडे आणला. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. पण २०२५ मध्ये एक घोडा शर्यतीत कोसळला आणि काही दिवसांनी मेला.

सुधारणा पुरेशा आहेत, असे शर्यतवाले म्हणतात. घोड्याने पैज लावलेली नसते, मग जीव त्याचाच का, असे विरोधक विचारतात. मुलांना घेऊन ही शर्यत पाहायला बसणाऱ्या ब्रिटिश आईबापांनाही हा प्रश्न आता टाळता येत नाही.

ब्रिजिटची शाल

आता समुद्र ओलांडून आयर्लंडला जाऊ. डब्लिनच्या नैर्ऋत्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर किल्डेअर परगण्यात कराघचे विस्तीर्ण पठार आहे. लिहितात 'कराघ', पण तिथले लोक म्हणतात 'करा'. या आयरिश शब्दाचा अर्थच मुळी शर्यतीची जागा असा सांगतात. हजारो एकर मोकळे गवत, कुंपण नाही, मेंढ्यांचे कळप निवांत चरताहेत आणि त्यांच्या पलीकडून घोडे दौडत जाताहेत, असे इथले चित्र.

या कुरणाची दंतकथा ऐकून मराठी माणसाला वामनाची आठवण व्हावी. संत ब्रिजिटने मठासाठी राजाकडे जागा मागितली. राजा काही केल्या देईना. ती म्हणाली, "माझी शाल पसरून झाकली जाईल, एवढीच दे." राजा हसून हो म्हणाला. शाल पसरू लागली आणि पसरता पसरता तिने सारे कराघ व्यापून टाकले!

इथे १८६६ पासून आयरिश डर्बी धावली जाते. एप्समच्या डर्बीइतकीच, म्हणजे दीड मैलाचीच ही शर्यत. पण विक्रम पाहा. 'सेंट जोवाइट'ने १९९२ मध्ये ती २ मिनिटे २५.६० सेकंदांत मारली. एप्समच्या विक्रमापेक्षा जवळजवळ सहा सेकंद कमी. एप्समचा चढउतार घोड्याकडून काय वसूल करतो, ते या सहा सेकंदांवरून कळते.

आयरिश डर्बीच्या विजेत्यांच्या यादीत १९४७ सालासमोर एक नाव आहे. ते वाचून मराठी माणसाचे पाय क्षणभर थबकावेत. ते नाव आहे 'सयाजीराव'!

बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये २८,००० गिनी मोजून एक शिंगरू विकत घेतले. एक वर्षाच्या शिंगरासाठी तेव्हा तो उच्चांकी भाव होता. त्या वर्षीचा डर्बीचा मानकरी 'डान्टे' याचा तो सख्खा धाकटा भाऊ. महाराजांनी त्याला आपल्या थोर आजोबांचे, सयाजीराव महाराजांचे नाव दिले. हे सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळ, जे १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचे राजे झाले. घोडा सयाजीराव एप्समला तिसरा आला, पण कराघला आयरिश डर्बी जिंकला आणि सप्टेंबरात डॉन्कास्टरला सेंट लेजरही जिंकला. इकडे भारत स्वतंत्र होऊन महिनाच झाला होता. पुढच्याच वर्षी महाराजांच्या 'माय बाबू'ने न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज मारली. थोड्याच काळात संस्थान गेले, राजेपण गेले. कवळाण्याच्या त्या मुलाचे नाव मात्र परदेशी शर्यतींच्या यादीत कायमचे राहिले.

शरगार कुठे गेला?

कराघच्याच कुशीत आयर्लंडच्या शर्यतींचे सर्वांत मोठे दुःखही दडलेले आहे. चौथ्या आगाखानांचा 'शरगार' १९८१ ची एप्सम डर्बी दहा घोड्यांच्या अंतराने जिंकला. डर्बीतला हा सर्वांत मोठ्या फरकाचा विजय. त्याच्यावर बसलेला वॉल्टर स्विनबर्न होता फक्त एकोणीस वर्षांचा. त्याच वर्षी शरगारने आयरिश डर्बीही मारली आणि वंशवृद्धीसाठी तो कराघजवळच्या बॅलिमनी पागेत आला. त्याची किंमत धरली होती एक कोटी पौंड.

८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री तोंडावर बुरखे घातलेले बंदूकधारी आले. मोतद्दाराला धाक दाखवून त्यांनी शरगारला गाडीत चढवले आणि ते धुक्यात नाहीसे झाले. वीस लाख पौंडांची खंडणी मागितली गेली. ती दिली गेली नाही. संशय आयरिश रिपब्लिकन आर्मीवर होता, पण कुणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. शरगार पुन्हा कुणाला दिसला नाही, त्याचे अवशेषही सापडले नाहीत. रेड रमच्या समाधीवर फुले वाहता येतात. शरगारला समाधीही नाही. मागे राहिली ती त्याची एकाच हंगामाची पस्तीस शिंगरे.

मन जड झाले असेल, तर किल्डेअर गावाबाहेरच्या टली इथल्या आयरिश नॅशनल स्टडला जरूर जा. ही पागा कर्नल विल्यम हॉल वॉकर या गृहस्थांनी उभारली. त्यांचा फलज्योतिषावर गाढ विश्वास. शिंगरू जन्मले, की ते त्याची पत्रिका मांडायचे. ग्रह वाईट निघाले, तर शिंगरू विकून टाकायचे! चंद्र-ताऱ्यांचा प्रभाव घोड्यांवर थेट पडावा म्हणून त्यांनी तबेल्यांच्या छपरांना झरोके ठेवले होते. सातव्या एडवर्डला डर्बी जिंकून देणारा मिनोरू त्यांचाच. राजाने तो त्यांच्याकडून भाड्याने घेतला होता. घोड्याला नाव दिले होते शेजारची जपानी बाग फुलवणाऱ्या माळ्याच्या मुलाचे. ती बाग आजही तिथे आहे. वसंतात गेलात, तर हिरवळीवर आयांच्या पोटाशी बिलगलेली, अजून पाय नीट न सावरणारी शिंगरे बघायला मिळतात. मुलांना तिथून हलवणे कठीण जाते.

इंग्लंड-आयर्लंडची सहल ठरवत असाल, तर ही वेळापत्रकाची खूणगाठ बांधून ठेवा. एप्रिलमध्ये एनट्री, मेच्या सुरुवातीला न्यूमार्केटच्या दोन्ही गिनीज, जूनच्या पहिल्या शनिवारी एप्समची डर्बी, जूनच्या अखेरीस कराघ आणि सप्टेंबरात डॉन्कास्टरची सेंट लेजर. मोठ्या शर्यतीच्या दिवशी राहण्याचे दर गगनाला भिडतात, म्हणून जागा आधी ठरवावी. शर्यत नसताना गेलात, तरी बिघडत नाही. न्यूमार्केटच्या पॅलेस हाउसमध्ये शर्यतींचे सुरेख राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि एप्समचे माळरान तर फिरणाऱ्यांसाठी मोकळेच असते.

पाकीट मात्र खिशातच राहू द्या. पैजेत जिंकलेला पौंड संध्याकाळपर्यंत उरत नाही. टॅटनम कॉर्नरचा उतार एकदा स्वतः पायी उतरून पाहावा. तो दीड मैल घोड्याकडून काय मागतो, ते आपल्या गुडघ्यांना लगेच कळते.